माझी शिंक आणि बोडीतली मासळी

पन्नासच्या दशकात मी सावली गावच्या शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून गेलो. एकटा जीव, माझ्या हातचं जेवण मलाच गिळवत नसे. शेजारी मासेमारी करणारं एक म्हातारं जोडपं राहायचं, भाऊ आणि बाई. एका सकाळी भाऊ बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जाळं टाकत होते आणि मी काठावर सणसणीत शिंकलो. शिंक ऐकली की माणसं उचललेलं पाऊल मागं घेतात. पण त्या दिवशी जाळं ओढता ओढवेना, एवढी मासळी निघाली. झालं! माझी शिंक शुभ ठरली. जाळं टाकायच्या दिवशी मी काठावर हजर पाहिजे, असा नियमच झाला. शिंक आली नाही तर तपकीर तयार. बदल्यात बाईंच्या हातचा रस्सा आणि भात.

"एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिलं त्याचं कारण होत नाही," मी भाऊंना समजवायचो, तपकिरीनं वाहणारे डोळे पुसत. अणूच्या पोटात तर काही गोष्टी नेमक्या कारणावाचून घडतात असं कॉलेजात ऐकलं होतं, तेही एकदा सांगून बसलो.

"मंग तुमाले बी पक्कं माहीत नाई ना जी? शिंका!"

शेवटी मी हट्टाला पेटलो. तपकीर फेकून दिली आणि नाक दाबून उभा राहिलो. जाळं तरी भरलंच. विज्ञान जिंकलं. पण घरी परतताना माझ्या लक्षात आलं. आता मला जेवायला कोण बोलावणार? आपल्याच हातानं आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती.

पुढच्या खेपेला मी गेलोच नाही. खोलीत भात करपवत बसलो. दुपारी बाई दारात उभ्या.

"गुरुजी, काऊन नाई आले? रस्सा थंडा होऊन राह्यला."

"आता माझ्या शिंकेचं काय काम, बाई?"

"जेवाले कारन लागते काय जी?"

मला इतकं बरं वाटलं की भात तसाच चुलीवर टाकून निघालो.

भाऊ अंगणात जेवत होते, जाळं शेजारी खुंटीला टांगलेलं. मी आत चुलीपाशी टेकलो, तेवढ्यात बाईंनी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि मला अशी शिंक आली की फळीवरची भांडी वाजली.

"भाऊ, हिचं कारण मिरची आहे, बरं का!" मी घाईघाईनं ओरडलो.

आणि बाहेर डोकावलो. भाऊंचं अर्धं ताट तसंच होतं आणि खुंटीवरचं जाळं गेलं होतं.