भाऊजींच्या भिंतीवरची बुरशी

एखाद्याचं वाईट चिंतायचं तर छत्रीवाल्या बाईंसारखं चिंतावं, मन लावून आणि घरकाम सांभाळून. उगाच आदळआपट नाही, तळतळाट नाही. सकाळी उठून चहा करायचा, झाडांना पाणी घालायचं, आणि भाऊजींच्या पायाखालची जमीन एक दिवस खरोखरच खचेल या विचाराने दिवसाला सुरुवात करायची. बाईंना त्या वर्षी भूकही चांगली लागत होती.

छत्रीवाल्या हे नाव गल्लीने ठेवलेलं. कुत्र्याची छत्री दिसली की बाई भर रस्त्याच्या कडेला पालथ्या पडायच्या आणि कॅमेरा मातीला टेकवून फोटो काढायच्या. एकदा कुणीतरी चक्कर आली समजून रुग्णवाहिका बोलावली होती. बाईंनी त्या लोकांना धन्यवाद द्यायचे सोडून, तुमची सावली पडतेय, बाजूला व्हा, असं सुनावलं. आळंबी, भूछत्रं, झाडाच्या बुंध्यावरच्या कानासारख्या बुरश्या, सगळ्यांचे फोटो त्यांच्याकडे होते. स्लाइम मोल्डचेही होते. नावात बुरशी असली तरी ती बुरशी नव्हे. तो एक चिकट गोळा, जो ओल्या लाकडावर गोगलगाईपेक्षाही सावकाश सरकतो, जिवाणू खातो आणि शेवटी चंदेरी पापुद्र्याआड वाळून भुकटी होतो. तासन्‌तास त्याच्यासमोर बसायची बाईंची तयारी असे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा धीर लगेच सुटायचा.

शहरातल्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. नवशिके तिथे फोटो आणून विचारायचे, काकू, हे काय आहे? बाई फोटोकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "उलटं करून पाहिलंस? वास घेतलास? कापल्यावर रंग बदलला का? नाही ना, मग नाव मागू नकोस." मंडळात त्यांना सगळे टरकून असत. मनात आधी नाव धरायचं आणि मग फोटोत ते शोधायचं, याची त्यांना मनस्वी चीड होती.

ही नजर त्यांना धंद्यातून आली होती. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, जुन्या लाकडी इमारतीत तळमजल्यावर. नवरा पुढच्या खोलीत फोटो काढायचा आणि बाई मागच्या खोलीत टेबलाशी बसून रीटचिंग करायच्या. गावातल्या निम्म्या लोकांचे मुरूम, देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी पुसली होती. सुट्टीच्या दिवशी दोघं रानात जायची. नवरा तिपाई धरायचा आणि बाई गुडघ्यांवर रांगायच्या. नवऱ्याचा धाकटा भाऊ इमारतीत अर्ध्याचा मालक होता, पण कॅमेऱ्याला त्याने कधी हात लावला नव्हता. तो गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाला हसरा चेहरा ठेवा म्हणून सांगायचा.

नवरा गेला आणि त्याच आठवड्यात भाऊजींनी स्टुडिओचं कुलूप बदललं. बाई कामावर गेल्या तर किल्ली फिरेना. आतून भाऊजी आले, दार अर्धवट उघडून म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आराम करा."

त्या माणसाने सरळ शिवी दिली असती तर बाईंनी ती व्याजासकट परत केली असती. पण या गोड बोलण्याला उत्तर काय द्यायचं? त्यांचं रीटचिंगचं टेबल मागच्या जिन्याखाली उघड्यावर पडलं होतं. पावसाने त्याची फळी फुगली होती. पाटीवरचं नवऱ्याचं नाव खरवडून तिथे नुसतं 'डिजिटल' असं लिहिलं होतं. नवऱ्याची जवळून फोटो काढायची लेन्स आणि तिपाई मागितली, तर उत्तर मिळालं, नंतर बघू.

बाईंच्या हातात एकच गोष्ट राहिली, नवऱ्याकडून आलेला इमारतीचा अर्धा हिस्सा. भाऊजींना तो हवा होता. त्यांनी आधी गोडीने विचारलं, मग नातेवाईक मध्ये घातले, मग वकिलाकडून धमकावलं. बाई म्हणाल्या, "मेले तरी सही करणार नाही." भाऊजींची झोप उडावी एवढाच त्या हिश्श्याचा त्यांना उपयोग होता, आणि तो त्या पुरेपूर करून घेत होत्या.

असंच एकदा लेन्स मागायच्या निमित्ताने त्या मागच्या खोलीत शिरल्या. भाऊजी पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या मागे पांढरा पडदा लावत होते. मोरीचा नळ गळत होता आणि लाकडी भिंतीचा खालचा भाग ओला होता. तिथे खोक्यांच्या मागे पांढरा, फुगीर थर दिसला. त्याच्याखाली फळीवर आणि जमिनीवर विटकरी रंगाची बारीक भुकटी पसरलेली. बाई खोक्यांवरून वाकल्या. मंडळातले लोक जिला घरखाऊ म्हणतात ती बुरशी अशीच दिसते. आधी पांढरी, मग अशी भुकटी, आणि आतल्या आत लाकूड खाऊन ती त्याचा चुरा करते. तुळया जातात, तक्तपोशी जाते, आणि बाहेरून रंग शाबूत असतो.

त्यांनी मोबाईलने घाईघाईत फोटो काढला. अंधारातला, हललेला. असला फोटो दुसऱ्या कुणी आणला असता तर बाईंनी त्याला मंडळातून हाकललं असतं. त्यांनी तो घरी मोठा करून पाहिला आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भिंतीला बोट लावून पाहायचा मोह त्यांनी आवरला होता. खूण राहिली असती, भाऊजी सावध झाले असते.

त्यानंतर त्या अधूनमधून लेन्स मागायला जाऊ लागल्या. पांढरा थर कधी इथे दिसायचा, कधी हातभर पलीकडे, आणि भुकटी वाढतच होती. भाऊजी ती फडक्याने पुसायचे. "जुनं घर, वहिनी. कुठूनतरी विटांची माती पडते," ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, "हो ना." भाऊजी मरावेत अशी त्यांची इच्छा नव्हती, एवढ्या त्या वाईट नव्हत्या. सकाळी दुकान उघडताना, आत दुसरं कुणी नसताना, भाऊजी कमरेपर्यंत जमिनीत जावेत आणि लोकांनी त्यांना दोरीने ओढून काढावं, एवढंच त्यांना हवं होतं. शक्यतो लोकांनी फोटोही काढावेत.

भाऊजींची मुलगी मात्र बाईंची लाडकी. दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आपल्या नवऱ्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होती आणि बाईंबरोबर रानात हिंडून बुरश्या ओळखायला शिकली होती. तिनेही ती भुकटी पाहिली. "काकू, खरवडून आणू का थोडी? तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू."

"नको," बाई म्हणाल्या. "मला कळलंय काय आहे ते."

"काय आहे?"

"माती. तुझा बाप म्हणतो ती."

पुतणी चकित होऊन बघत राहिली. काकूने न बघता नाव सांगितलं होतं.

मग बाईंच्या डोक्यात ती कल्पना आली. अर्धं घर आपलं, म्हणजे अर्धं कुजकं घर आपलं. ते भाऊजींच्या गळ्यात का घालू नये? पडेल तेव्हा सगळंच्या सगळं त्यांचं पडू दे. त्यांनी आपणहून निरोप धाडला, सही करते म्हणून. भाऊजींचा विश्वास बसेना. कागद त्यांनी स्वतःच दोनदा वाचला, आपणच काही विसरलो की काय म्हणून. बाईंनी लेन्स, तिपाई आणि ते फुगलेलं टेबल मागितलं, बाकी हक्कावर पाणी सोडलं, आणि ठळक अक्षरात सही केली. "घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "सगळं घर तुमचं." इतकं गोड त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

दोन-चार दिवसांनी पुतणी टेम्पोतून सामान घेऊन आली. टेबल आत घेताना तिचा चेहरा फुलला होता. "काकू, तुझ्यामुळे झालं बघ. सगळं घर बाबांचं झालं म्हणून ते वरची खोली आम्हाला देतायत. मागच्या बाजूची. रविवारी आम्ही दोघं राहायला जातोय."

मागची खोली म्हणजे त्या भिंतीच्या बरोब्बर वर. बाईंच्या हातून टेबलाची कड सुटली.

"जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

काय सांगणार? तुझ्या बापाचं घर कुजतंय हे मला वर्षभर माहीत आहे, आणि ते पडायची मी वाट बघतेय? "आधी ती भिंतीवरची भुकटी घेऊन ये. वरचं पापुद्र्यासारखं काही असेल तर तेही. आणि खालची फळी सुरीने टोचून बघ. आत्ता जा."

"तेव्हा तर नको म्हणालीस."

"जा म्हणते ना."

ती येईपर्यंत बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. आपण ओळखण्यात चुकलेलो असावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी चक्क हात जोडले, कुणापुढे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुतणी परत आली. तिने एक डबी आणि सुरी समोर ठेवली. सुरीचं टोक वाकलं होतं. "कसलं टणक लाकूड आहे, काकू. टोचलंच जाईना."

डबीत चंदेरी, कागदासारखा पातळ पापुद्रा होता. तो बघताच बाईंना समजायला हवं होतं, आणि कदाचित समजलंही. तरी त्यांनी भुकटी काचेवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि डोळा लावला. घरखाऊचे बीजाणू लांबट आणि गुळगुळीत असतात. हे सगळे गोल होते, आणि प्रत्येकाच्या अंगावर बारीक जाळी होती. स्लाइम मोल्ड. गळत्या नळाच्या ओलीवर येणारा आणि लाकडाचा तुकडाही न खाणारा. आपल्या सवडीने कधी इथे, कधी हातभर पलीकडे उगवणारा, ज्याच्यासमोर त्या रानात तासन्‌तास बसल्या होत्या.

पोरगी वाचली. एक क्षण फक्त तेवढंच होतं. मग त्याच्या मागोमाग ती सही आली, ठळक अक्षरातली, आणि स्वतःच्या तोंडचं ते गोड वाक्य. नवऱ्याचं अर्धं घर त्यांनी हसत हसत, हाताने उचलून, त्या माणसाला देऊन टाकलं होतं. भाऊजींचा त्यांना इतका राग कधीच आला नव्हता, आणि या वेळी त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

"काकू, रडतेस का? काही वाईट आहे का ते?"

"नाही," बाई डोळा वर न उचलता म्हणाल्या. "खुशाल जा राहायला. तुझ्या बापाच्या घराला शंभर वर्षं काही होत नाही."