उपाशी उंदराची भाकरी

जो उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचा होता, त्याला मी स्वतःच्या हातानं भाकरी चारली. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंदूतल्या पेशी गप्प का, म्हणून मशीनला शिव्या दिल्या. नातवंडं मला हुशार आजी म्हणतात, म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागला पीएच.डी. करत होते. पदरात मूल आणि डोक्यात हवा. विषय असा, की जेवण झालं की रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिन वाढतं. ही हार्मोन्स मेंदूतल्या भूक लावणाऱ्या पेशींपाशी जातात आणि तिथली पोटॅशियमची दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी शांत. उपाशी जिवाची पेशी मात्र तडतडत राहते, डबा न आलेल्या माणसासारखी. ती तडतड आधी टिपायची, मग वरून लेप्टिनचा थेंब सोडून ती थांबते का ते पाहायचं.

पेशीतली वीज टिपणारं मशीन पुण्याहून उसनं आणलेलं, शनिवारी परत जायचं होतं. उपाशी उंदराची नोंद मिळाली नाही तर माझा प्रबंध तिथंच अडकणार.

शुक्रवारी पडद्यावर नुसती सरळ रेघ. मी काचेची सुई बदलली, मिठाचं पाणी बदललं, सांगलीच्या विजेला नावं ठेवली. माझे मार्गदर्शक सर उठले, त्या उंदराच्या रिकाम्या पिंजऱ्यातला भुसा बोटानं सारला आणि ज्वारीच्या भाकरीचा एक कोपरा माझ्यासमोर धरला.

रहिमतपूरला आमची आई चूल विझवायच्या आधी दारातल्या कुत्र्याला चतकोर टाकायची. "उपाशी जीव दारात ठिवून झोपू न्हाई, बाय," म्हणायची. त्या भाकरीचा करपट वास मला गॅसवर कधी जमला नाही. आदल्या संध्याकाळी उंदीर जाळीतून बघत होता, माझ्या डब्यात अर्धी भाकरी उरली होती. एवढ्यानं काय होतंय, असं आमच्या विदुषीला वाटलं.

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. सरांनी पुण्याला फोन लावला, मशीन सोमवारपर्यंत मागून घेतलं. मग पिंजऱ्यांची किल्ली खिशात टाकत म्हणाले,

"दुसरा उंदीर घेऊ. पण आता किल्ली माझ्याकडे. तुम्हाला उंदीर उपाशी ठेवायला सांगितला होता, बाई, तुम्ही तो जावयासारखा ठेवलात."