कोळशाच्या रस्त्याकडची घरं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात मला सर्वेक्षणाची ड्युटी लागली. वणीकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळा बंदच होती. रोज सकाळी गावातल्या आशाताईंबरोबर घरोघरी जायचं, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा.

गावाचे दोन भाग होते, एक नदीकडचा आणि एक रस्त्याकडचा. रस्ता म्हणजे खाणीतून कोळसा नेणाऱ्या ट्रकांचा. बाकी सगळं बंद असताना ट्रक तेवढे चालू होते. दारं लावलेली, ओट्यावर माणूस नाही, आणि भर दुपारी ती काळी धूळ उठायची, घरांवर बराच वेळ तरंगायची आणि सावकाश खाली बसायची. त्या बाजूच्या कडुनिंबाला हिरवा रंग उरला नव्हता. मीही त्याच रांगेत खोली करून राहत होते. संध्याकाळी तोंड पुसलं की टॉवेल काळा व्हायचा. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

माझ्या खोलीपासून चार घरं सोडून पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, लग्न झाल्यापासून तिथेच बसणारा. दुकानामागेच घर. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच अडकली होती. त्याचा धाकटा भाऊ नदीकडे शेतात राहायचा. दोघं भाऊ एका नातेवाइकाच्या तेरवीला एकाच मोटरसायकलवर जाऊन आले आणि चार दिवसांत दोघांनाही ताप भरला. तपासणीत दोघेही पॉझिटिव्ह निघाले.

धाकटा तीन दिवस अंग दुखतं म्हणून पडून राहिला आणि मग उठून बसला. त्याचा आकडा सत्त्याण्णवच्या खाली कधी आला नाही. थोरल्याचा त्र्याण्णव होता.

"खोकला कधीपासून आहे?" मी दारातूनच विचारलं.

"खोकला तं घरचाच हाये, मॅडम. तो काई नवा नाई."

"भाऊ, दवाखान्यात चला," आशाताई म्हणाल्या.

"कायले? मले काईच तरास नाई."

आमच्या हाती त्याला ओढून नेण्यासारखं काही नव्हतं. पुढचे दोन दिवस आम्हाला नदीकडची घरं दिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दुकानावरून चालले होते आणि सहज त्याच्या पायरीकडे लक्ष गेलं. पायरीवर धूळ पिठासारखी सारखी बसली होती. बाकीच्या बंद घरांपुढेही पावलं उमटलेली असत, कुणी पाण्याला गेल्याची, कुणी कचरा टाकल्याची. इथे एकही नव्हतं.

मी कडी वाजवली.

"या ना, दार लोटलंच हाये," आतून आवाज आला. अगदी नेहमीचा.

तो खुर्चीवर ताठ बसला होता. केस विंचरलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. ओठ मात्र जांभळे झाले होते, जांभळं खाल्ल्यासारखे. त्याच्यासमोर एक रिकामी खाट होती. तिच्यावर धुतलेली चादर अंथरली होती आणि पायाशी पाण्याचा भरलेला गिलास ठेवला होता. पाण्यावर काळी साय धरली होती.

"तुमी कालबी आलत्या," तो म्हणाला. "तिथंच बसून होत्या. बोलल्या नाई काई."

"मी काल नदीकडे होते."

"नाई. तुमीच होत्या." तो चिडला नाही. मलाच आठवत नसावं, अशा समजुतीच्या सुरात बोलला. "पाणी देल्लं, तं पेल्याबी नाई."

मी त्याच्या बोटाला यंत्र लावलं. एकाहत्तर. सेल गेले असतील म्हणून स्वतःच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. परत त्याला लावलं. सत्तर. आणि हा माणूस माझ्याशी निवांत बोलत होता. मी बाहेर येऊन आशाताईंना फोन केला, त्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावली.

ती यायला पाऊण तास लागला; तोवर आशाताईही आल्या. दोघांनी धरून नेताना तो दारात थांबला, वळून खाटेकडे बघत म्हणाला, "बसा तुमी." आशाताईंनी माझ्याकडे बघितलं.

यवतमाळच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. त्याला घरी सोडायच्या दिवशी धाकट्या भावाबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"विडी ओढतात का?"

"नाई जी. सुपारीबी खात नाई," धाकटा म्हणाला.

डॉक्टर पुन्हा फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका माणसावरून ठाम सांगता येत नाही. आजार दोघांना एकच लागला. पण इतकी वर्षं धूळ आत जात राहिली की फुप्फुसांत राखीव असं काही उरत नाही. मग ती लवकर हरतात." खाटेवरच्या पाहुण्याचं मी त्यांना सांगितलं. प्राणवायू कमी पडला की मेंदू काहीही दाखवतो, असं ते म्हणाले. मला ते पटलं. तरी तो पाहुणा त्याला माझ्याच रूपात का दिसला, हे मी त्यांना विचारलं नाही.

घरी येऊन मी वही काढली. रस्त्याकडच्या रांगेतल्या ताप नसलेल्या माणसांचे आकडेही नदीकडच्यांपेक्षा थोडे खाली होते. घरं लहान, माणसं जास्त, तेही कारण असेल. रोज लिहीत होते तेव्हा मला हे दिसलं कसं नाही, तेवढं मात्र कळेना. आशाताई आणि मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. काही दिवस रस्त्यावर टँकरने पाणी मारलं गेलं. नंतर ते बंद पडलं.

तो आता भावाच्या शेतात राहतो. बायकोही तिथेच आली. धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, चालत जातो, वाटेत दोनदा बसतो. दुकान त्याने पुन्हा उघडलं नाही.

मी ती खोली त्याच पावसाळ्यात सोडली. "काहून सोडता, मॅडम? काई कमी होतं काय?" घरमालकाने विचारलं. मी दोरीवरचा काळा टॉवेल काढून त्याच्यापुढे धरला.