माहीत असलेलं विचारायचं नाही

आमच्या मागच्या खोलीत राहायला आलेल्या मुलीची पहिल्या आठवड्यातच खात्री पटली होती, की माझ्या सासूबाईंना दिसत नाही.

त्यांना उत्तम दिसत होतं. तांदळातला खडा त्या चष्म्याशिवाय वेचायच्या. पण दाराशी चपला काढणाऱ्याला "आलास का?" आणि ताटावर बसलेल्याला "जेवतोस का?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. मुलगी ओले केस पुसत बाहेर आली की हमखास, "अंघोळ झाली का गं?" मुलगी थबकायची, त्यांच्या डोळ्यांकडे काळजीने बघायची आणि काही न बोलता आपल्या खोलीत जायची.

सासूबाईंनी तिला मौनीबाई करून टाकलं. "मौनीबाई म्हणे शिक्षिका होणार! पोरांना काय खाणाखुणांनी शिकवणार?"

ती आदिवासी. डोंगरापलीकडच्या वस्तीतली, आत्याच्या हाताखाली वाढलेली, आणि तिकडून शिक्षिका व्हायला निघालेली पहिलीच. मुखदुर्बळ मुळीच नव्हती. माझ्याबरोबर भांडी विसळताना कॉलेजातल्या प्रत्येकाची अशी नक्कल करायची, की त्या माणसांना मी कधी न बघता रस्त्यात ओळखलं असतं. एकदा मीच म्हटलं, "आजींना उत्तर का देत नाहीस गं? त्या मनाला लावून घेतात."

ती ओशाळली. "काकू, मला वाटलं त्यांना दिसत नाही आणि तुम्ही घरचे ते झाकताय. म्हटलं, मी कशाला बोभाटा करू?"

माझ्या हातातला पेला निसटता निसटता राहिला.

"आमच्यात माहीत असलेलं कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "विचारलं तर ते चिडवायला. लहानपणी मी एकदा आत्याला विचारलं, 'जाळं विणतेस का?' तर म्हणाली, 'डोळे गहाण ठेवलेस का?'"

"मग मुलांना शिकवता कसं?"

"शेजारी बसवून. मला जाळं शिकवताना आत्या एक शब्द बोलली नाही. चुकलं की उसवायची आणि पुन्हा माझ्या हातात द्यायची."

घरात ही गंमत होती. कॉलेजात तिचीच पंचाईत झाली. सरावाचे दोन पाठ खऱ्या शाळेत द्यायचे होते, मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम बसणार. पहिला पाठ होता झाडाच्या पानाचा. पान उंच धरून "हे काय आहे?" असं विचारायचं, मुलांनी "पान!" म्हणून ओरडायचं, अशी तिथली रीत. हिने पान उंच धरलं आणि हिची वाचाच बसली.

"मला माहीत, पोरांना माहीत, मॅडमना माहीत. मग थट्टा कुणाची करायची?"

शेवटी तिने प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलं आणि शेजारी जाऊन बसली. मुलं पानाकडे बघत बसली, मॅडम मुलांकडे. शेरा आला: विद्यार्थी बोलले नाहीत, शिक्षिकाही बोलल्या नाहीत. नापास.

दुसऱ्या पाठातही नापास झाली तर वर्ष गेलं. आणि तिकडे आत्याने वस्तीभर सांगून ठेवलं होतं, की पोरगी आता येईल ती शिक्षिका होऊनच.

"मी घेते हिची शिकवणी," सासूबाईंनी पदर खोचला. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या विद्यार्थिनी झाल्या. मुलीने भिंतीवरचा झारा काढला.

"हे... हे काय आहे?"

"झारा, बाई!" सासूबाईंनी हात वर करून खणखणीत उत्तर दिलं.

मुलगी ओट्याला टेकून हसत सुटली. "आजी, तुम्हाला माहीत आहे झारा. मलाही माहीत आहे. आणि मला माहीत आहे हेही तुम्हाला माहीत आहे. मग आपलं चाललंय काय?"

"अगं वेडे, उत्तर कुणाला हवंय? दाराशी 'आलीस का' म्हणते, ते काय हजेरी घ्यायला? विचारलं की माणूस तोंड उघडतो. आधी 'आले' म्हणतो, मग पाय दुखतात म्हणतो, मग कुणी काय टोचून बोललं ते सांगतो. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारावा लागतो ना, तसं आहे हे."

मुलगी झारा हातात धरून उभीच राहिली. "म्हणजे तुम्ही मला रोज धक्का मारत होता?"

"आणि तू रोज ब्रेक दाबून बसत होतीस!"

तिने झारा परत भिंतीवर टांगला. खोलीत जाताना माझ्याकडे कपड्यांचा एक हँगर मागून घेऊन गेली. कशाला, ते सांगितलं नाही.

पाठाच्या दिवशी संध्याकाळी सासूबाई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. चपला वाजल्या.

"आलीस का?"

"आले, आजी." मुलगी उंबऱ्यातच थांबली. "तुम्ही बसलात का?"

सासूबाई टुणकन उठल्या. "पास झाली!"

"कशावरून?" मी विचारलं.

"कानात बोळे घातलेस का? मला विचारलं तिने!"

मग तिने सगळं सांगितलं, आणि सासूबाईंनी अध्येमध्ये "पुन्हा सांग" म्हणत ऐकलं. पाठ होता जड आणि हलकं. हिने माझा हँगर खिडकीला टांगला, दोन्ही टोकांना कापडी पिशव्या अडकवल्या आणि वर्गाला म्हणाली, "माझी चप्पल जड, की तुमची पाण्याची बाटली? मला माहीत नाही."

मुलांचा विश्वासच बसेना. "बाई, खरंच माहीत नाही?"

"खरंच नाही."

"मग तुम्ही बाई कशा झालात?" पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली.

"अजून झाले नाही. आज ठरायचंय."

मग काय विचारता! पैजा लागल्या, दप्तरं उपसली गेली, चपलेने बाटलीला हरवलं, कंपासपेटीने चपलेपुढे हात टेकले. शेवटी कुणीतरी ओरडलं, "मॅडमची पर्स!" अख्खा वर्ग मागे वळला. मॅडमनी जरा आढेवेढे घेतले आणि पर्स दिली. ती पिशवीत जाताच हँगर असा कलला, की वर्गातल्या कुठल्याच वस्तूला तो सरळ करता येईना.

"मॅडम, आत आहे तरी काय?"

डबा निघाला, छत्री निघाली, औषधांची पाकिटं निघाली आणि तळाशी एक दणकट कुलूप. "याची किल्ली हरवली आहे," मॅडम गोऱ्यामोऱ्या होऊन म्हणाल्या. "म्हणून टाकवत नाही."

मुलं गेल्यावर मॅडम पुन्हा मॅडम झाल्या. पेन काढून म्हणाल्या, "हं, आज तुम्ही काय शिकवलंत?"

इथे मुलीने आमच्यासमोर कपाळावर हात मारून घेतला. "काकू, तोंडातून गेलंच! म्हटलं, मॅडम, तुम्ही इथेच होतात ना?"

"मेलीस!" सासूबाई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, 'होते की. पण माझा सगळा जीव पर्समध्ये होता. तेव्हा सांगा, मला खरंच माहीत नाही.' मग मी सांगितलं, अगदी सगळं. अर्ध्यावरच म्हणाल्या, 'पुरे, पास. पण फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत, ते पुढच्या वेळी लिहा.'"

रात्रीच्या जेवणाआधी तिने आत्याला फोन लावला. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण सासूबाई दारात घुटमळत राहिल्या.

"फोन करतेस का?"

"करते, आजी," ती फोन कानाला लावूनच म्हणाली.

फोन ठेवायचा अवकाश, सासूबाई आत. "काय म्हणाली आत्या?"

"मी म्हटलं, ऐकतेस का? तर म्हणाली, ऐकत नसते तर फोन कानाला कशाला लावला असता."

"आणि पास झालीस त्याचं?"

"ते मी सांगितलं, तिला कळलं. आता वस्तीभर तीच सांगत सुटेल. पण तिने एक विचारलंय, आजी. मला सांगता आलं नाही."

"काय गं?"

"मॅडमच्या पर्समधलं ते कुलूप लागलेलं आहे, की उघडं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मुलीकडे.

"अगं बाई, खरंच की!" सासूबाई म्हणाल्या. "उद्या विचार हो. आणि आल्या आल्या आधी मला सांग."