कोपरच्या सरांचा पदव्युत्तर वर्ग

पहिल्याच दिवशी मी पेशंटची म्हणून स्वतःची नाडी मोजली. एका आजीबाईंच्या मनगटावर अंगठा दाबून धरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं आणि घाबऱ्या आवाजात जाहीर केलं, "सर, एकशे बत्तीस!" अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून दुसऱ्याची नाडी अंगठ्याने बघायची नसते, हे बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे बेडूक होते, आणि ते तक्रार करत नसत. सरांनी आजीबाईंचं मनगट दोन क्षण बोटांत धरलं आणि मला म्हणाले, "आजी ठणठणीत आहेत. तू बस खाली, पडशील." आजीबाईंनी सरकून मला बाकावर जागा करून दिली.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माणसाचा इतका पद्धतशीर छळ करणारा दुसरा गुरू त्या काळात नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला सरांचा दवाखाना होता; खाली दवाखाना, वर घर. नव्वदच्या आसपास कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की अमेरिकेत पदवीधरांना दोन वर्षं शिकवून डॉक्टरांचे सहायक बनवतात. पेशंटची हकीकत घेणं, तपासणं, जखम शिवणं, सगळं ते करतात आणि डॉक्टर फक्त अवघड तेवढं बघतो. दुसरा कोणी असता तर पान उलटून पुढे गेला असता. सरांनी मासिक मिटलं आणि दारावर पाटी लावली : 'पदवीधरांसाठी दोन वर्षांचा वर्ग'. विद्यापीठाची मान्यता नाही, सरकारचा पत्ता नाही. विद्यार्थी दोन. एक कल्याणची सुनंदा, जिचं कधी काही चुकत नसे. आणि दुसरा मी. मला ते 'पदवीधर' अशी हाक मारायचे, आणि त्या शब्दात एवढा तुच्छभाव भरायचे की माझी डिग्री परत करावीशी वाटे.

तरी मी टिकून राहिलो, कारण ठाण्यात खोपटजवळच्या एका नव्या हॉस्पिटलच्या मालकांनी सरांना शब्द दिला होता : तुमच्या सहीचं पत्र आणा, नोकरी पक्की. माझं वय सव्वीस होतं. बाबांची कंपनी बंद पडली होती आणि ते दिवसभर घरात बसून माझ्याकडे बघायचे. "म्हणजे कंपाउंडरच ना शेवटी?" एवढंच ते विचारत. त्या पत्राशिवाय माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

नाडीच्या त्या प्रकारानंतर महिनाभर सरांनी आम्हाला काहीही शिकवलं नाही. सकाळी आठला यायचं आणि पेशंटांच्या बाकावर पेशंटसारखं बसायचं. नंबर आला की उठून शेवटी जाऊन बसायचं. "तासभर कण्हणाऱ्या माणसाशेजारी बसल्याशिवाय त्याला 'बोला' म्हणायचा अधिकार नाही," हे त्यांचं म्हणणं. सुनंदाने त्या महिन्यात बाकावरच्या निम्म्या लोकांची दुखणी पाठ केली. मी काय मिळवलं? आमच्या घरासमोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी मला रोज तिथे बसलेला पाहिला आणि आईला हळूच विचारलं, "मुलाला नेमकं काय झालंय? नाही, सांगण्यासारखं नसेल तर राहू दे." त्या पावसाळ्यात माझ्यासाठी आलेली दोन स्थळं आल्या पावली परत गेली.

मग वही आली. वहीचा नियम एकच : पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरायचं. इंग्रजी नाव द्यायचं नाही, शब्द 'सुधारायचा' नाही, मध्ये तोंड घालायचं नाही. एकदा बाळकुमची एक कोळीण मावशी आली. लेकीकडे आली होती, लेकीने ओढून आणलं होतं. म्हणाली, "माज्या छातीन जित्ता बोईट फरफरतंय रं. मधीच फरफरतंय, मधीच गप." मी हुशारीने वहीत लिहिलं : धडधड. सरांनी ते पान टराटरा फाडलं.

"पदवीधर, बोईट कुठे गेला?"

"सर, धडधड म्हणजे तेच..."

"तेच कसं? धडधड तुला परीक्षेच्या आधी होते. बोईट फडफडताना पाहिलायस कधी?"

नव्हता पाहिला. मी देशावरच्या शाकाहारी घरातला. दुसऱ्या दिवशी मला मासळी बाजारात पाठवण्यात आलं, अर्धा तास जिवंत मासा बघण्यासाठी. पाटीतला मासा उसळी मारायचा, निपचित पडायचा, पुन्हा दोनदा उसळायचा, कशाला ताल म्हणून नाही. पंधरा मिनिटांनी पाटीवाली म्हणाली, "घेतोस का नुसता बगतोस? लगीन लावायचं हाय का त्याच्यासंगट?" आजूबाजूच्या सगळ्या बायका खिदळल्या. मी परत येऊन सांगितलं, "सर, त्याला ताल नसतो." "मावशीला परत बोलावलंय. तिच्या नाडीला आहे का बघ." नव्हता. तिने दुखण्याचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं आणि मी नेमकं तेच खोडून टाकलं होतं. शिकायला मिळालं हे खरं. पण घरी आल्यावर आईने माझ्या शर्टाचा वास घेतला आणि दोन दिवस मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही.

रक्त काढायला त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. सुनंदाने पहिल्या टोचणीत काढलं. मी सातव्यांदा शीर शोधत होतो तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "वांगं भरतोयस का?" पुढचा आठवडाभर काळानिळा झालेला तो हात ते येणाऱ्या प्रत्येक पेशंटला दाखवत. "हे आमच्या पदवीधराचं काम." शिकवण्यासाठी हा माणूस कोणत्या थराला जाईल याचा नेम नव्हता. काविळीच्या धड्याच्या दिवशी हळद चोळून बसले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ती हळद तीन दिवस टॉवेलमधून धूत होत्या.

दोन वर्षांनी शेवटची परीक्षा आली. तीही सरांच्या डोक्यातून निघालेली. ते स्वतः पेशंट होणार, आम्ही हकीकत घ्यायची, निदान सांगायचं. बरोबर आलं तर पत्रावर सही, नाहीतर आणखी सहा महिने. सुनंदाची परीक्षा आदल्या दुपारी झाली. सरांनी अपेंडिक्सचं दुखणं घेतलं आणि इतका भिकार अभिनय केला की पोटाच्या डाव्या बाजूला हात धरून बसले. सुनंदा म्हणाली, "सर, हात उजवीकडे घ्या, मग विचारते." पाच मिनिटांत पास.

दुसऱ्या दुपारी दवाखाना बंद असताना माझी पाळी आली. सर बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो, वही उघडली.

"काय होतंय, काका?"

"आडवं झालं की बुडाल्यासारखं वाटतं. उठून बसावं लागतं."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. आधी एक उशी लागायची, मग तीन. आता खुर्चीतच झोपतो."

मी एकेक शब्द जसाच्या तसा उतरवला. पाय बघितले. घोट्याजवळ बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. वा! मी मनात म्हटलं, सकाळपासून पाय लोंबकळत ठेवून बसले असणार. हळदीच्या पुढची पायरी!

"कोणाला सांगितलंत का?"

"नाही."

"का बरं?"

"आमच्या घरात एकच डॉक्टर आहे. त्याला माहीत आहे."

मी हसलो. त्यांना हसू आलं नाही. मला वाटलं, भूमिकेत शिरलेत.

"मग सांग, काय झालंय याला?"

"हृदय थकलंय, सर. अंगात पाणी साचतंय. आजच हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"आणि नाही गेला तर?"

मी धडा पाठ म्हटल्यासारखं खणखणीत उत्तर दिलं, "तर फार दिवस नाहीत."

सरांनी माझ्या हातातली वही मिटली. मग म्हणाले, "बरोबर." आणि टेबलापाशी जाऊन पत्रावर सही केली. माझा आनंद गगनात मावेना. मी म्हटलं, "सर, रागावू नका, पण कालचं अपेंडिक्स अगदीच जमलं नव्हतं. आजचा अभिनय मात्र फर्स्ट क्लास!"

"जा," सर म्हणाले, "काकूंना सांग, पास झालास म्हणून."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. काकू पोहे निवडत होत्या. त्यांच्या पाया पडलो आणि न राहवून सगळा प्रवेश करून दाखवला : आधी एक उशी, मग तीन, मग खुर्ची. काकूंचा हात ताटात थांबला.

"खुर्चीचं तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी. पेशंट म्हणून."

"मला म्हणाले होते, मच्छर चावतात, म्हणून खुर्चीत वाचत बसतो." एवढं बोलून काकू अनवाणी जिना उतरू लागल्या. तेव्हा कुठे, त्यांच्या पाठीकडे बघताना, मला समजलं की मी काय तपासून आलो होतो.

टॅक्सीने आम्ही सरांना खोपटच्या त्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. माझ्या नोकरीच्या जागी माझा पहिला पेशंट मीच दाखल केला, आणि सही केलेलं पत्र खिशात चुरगळून गेलं होतं. सर त्यातून उठले, आणखी चार वर्षं जगले. पण वर्ग पुन्हा भरला नाही आणि दारावरची पाटी काकूंनी उतरवून ठेवली. त्या हॉस्पिटलात मी पुढे बरीच वर्षं काढली. कोणी खाटेवरून बोलायला लागलं की आजही मी लिहिता लिहिता मध्येच थांबतो, मान वर करतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्या दुपारी एवढंच करायचं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी मात्र आत सरांना ऑक्सिजन लावलेला होता आणि बाहेर बाकावर काकू आणि मी. मी म्हटलं, "काकू, दोन वर्षं शिकवलं त्यांनी मला. मला कळायला हवं होतं."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला कळणार नाही, म्हणून तर तुला सांगितलं त्यांनी. सुनंदापुढे अपेंडिक्सचं सोंग काढलं ते काय उगाच?"