बंद स्पीकरमधली मोट

या सदरात लिहिणारे बहुतेक जण ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही’ म्हणून सुरुवात करतात आणि तिसऱ्या परिच्छेदात त्यांना पिंपळाखाली बाई भेटते. माझ्या हकिकतीत बाई नाही, पिंपळ नाही, अमावास्या तर मुळीच नाही. जे झालं ते भर दुपारी, कळंबमधल्या माझ्या भाड्याच्या घरात झालं. मी तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि अंगारे-धुपारेवाल्यांची टिंगल हा माझा आवडता विषय होता... अजूनही आहे.

ऐंशीच्या दशकातला एक दुष्काळ. आमचं गाव कळंबजवळच, एसटीच्या वाटेवर. घरची विहीर कोरडी पडली होती, जनावरं मामाकडं धाडली होती. आई-आप्पांनी घराला कुलूप लावून माझ्याकडं यावं असा माझा लकडा होता. आई तयार होती. आप्पा नव्हते. त्यांचे कान जवळजवळ गेले होते. गावात त्यांच्याशी ओरडून बोलणारी माणसं तरी होती. कळंबात कोण बोलणार? एकदा घर सोडलं की पुन्हा उघडणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं ऐकू येतंय तेवढं वापरात ठेवा. मी तेच धरून बसलो. आप्पांना भजनाचं, गाण्याचं वेड. म्हटलं, मागची खोली खास तुमच्यासाठी करतो – जाड पडदे, सतरंजी, रेकॉर्ड प्लेअर, मोठे स्पीकर. खोली कसली, आमिषच होतं ते.

अ‍ॅम्प्लिफायर मी जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर स्वतः बांधला होता. ताकद जेमतेम चार-पाच वॅट. त्याला साधा स्पीकर जोडला तर घशाला कोरड पडल्यासारखा आवाज यायचा. अशा वेळी हाय सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर लागतात – म्हणजे थोड्या ताकदीवर मोठ्यानं बोलणारे. आप्पांना घेऊन सोलापूरला गेलो.

दुकानात दोन जोड्या होत्या. एक नवी, चकचकीत जाळीची. दुकानदार तिच्याबद्दल असं बोलत होता की बोलता बोलता तिला नमस्कार करील असं वाटत होतं. दुसरी, बंद पडलेल्या तंबू टॉकीजमधून आलेली. छातीइतकी उंच सागवानी खोकी, जमिनीवरच उभी राहणारी. खाली ताटाएवढा कागदी कोन, वर कर्णा. दोन्ही वाजवून पाहिल्या. आप्पांनी आधी एका खोक्यावर तळवा ठेवला, मग दुसऱ्यावर.

“ह्यो बोलतोय,” जुन्या खोक्यावर थाप मारून ते म्हणाले. “त्यो नुसता नटलाय.”

दुकानदाराचं तोंड पडलं. खोकी टेम्पोत चढली आणि त्यांच्या मागोमाग आई-आप्पाही ‘चार दिवस बघू’ म्हणत कळंबला आले.

पहिला आठवडा बरा गेला. आप्पा खोक्याला पाठ टेकून बसायचे. शब्द कळायचे नाहीत, ठेका कळायचा. बोटं मांडीवर चालायची. पण रेकॉर्ड संपली की विचारायचे, “गावाकडं कोण गेलं होतं का?”

मग ती दुपार. लाइट गेली होती. ती संधी साधून मी वायरी बदलायला घेतल्या. स्पीकरच्या दोन्ही वायरी सुटून माझ्या हातात होत्या. आप्पा नेहमीसारखे पाठ टेकून बसलेले. एकदम म्हणाले, “कुणाची मोट चाललीय रं?”

मला वाटलं, कान वाजत असतील. बहिऱ्या माणसांना तसे आवाज येतात, डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची समजूत काढायला म्हणून मी कोनाला कान लावला.

चाकाची लांब कुरकुर. मग एक ‘टक’. मग पाणी – मोट रिकामी होऊन दगडी थारोळ्यात धबाधबा पडतं तसं. थोडी शांतता, बैल धावेच्या उतारावरून मागं यावेत तेवढी... आणि परत कुरकुर.

मी आईला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले, ऐकलं आणि आप्पांकडं पाहिलं. दोघांनाही ओळख पटलेली दिसत होती, पण मी विचारलं तर आई चहाचं बघायला आत गेली.

लांब वायर एखादं रेडिओ स्टेशन पकडते, हे मी वर्गात शिकवत होतो. पण वायरी माझ्या हातात होत्या. गल्लीत विहीर नव्हती. आणि मोटा तोपर्यंत गेल्याच होत्या; जिथं पाणी होतं तिथं इंजिनं होती. मी दोन्ही खोक्यांच्या मागच्या फळ्या उघडून पाहिल्या. आत कोळ्याची जाळी होती.

त्यानंतर ते अधूनमधून येत राहिलं, नेहमी दुपारचं. मी बाहेर कुणाकडं चकार शब्द काढला नाही. फिजिक्सच्या मास्तरला नोकरी टिकवायची असते.

पुढच्या आठवड्यात नाना आले. नाना म्हणजे आप्पांचे धाकटे चुलत भाऊ आणि गावच्या सोसायटीचे चेअरमन. तालुक्याला पाणीटंचाईची बैठक होती, तिथं पाणी सोडून बाकी सगळं मिळालं होतं. गळ्यातला हार काढायची नानांना कधी घाई नसे. हारासकट खोलीत आले, खुर्चीत बसले. “सुधाकर, दुष्काळात बी तुझी मैफल चालूच म्हणायची,” असं म्हणून त्यांनी बैठकीतलं आपलं भाषण आम्हाला पुन्हा ऐकवायला घेतलं.

भाषण रंगात आलं आणि खोक्यातून कुरकुर सुरू झाली, या वेळी खोलीभर ऐकू येईल अशी.

नाना थांबले. बशी खाली ठेवली. हार काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “आप्पा... ही तर आपली जांभळीची.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. नानांचे ओठ बघूनच त्यांना कळलं असावं. “टक वाजतंय बघ चाकाच्या चिरलेल्या कण्यावर.”

जांभळीची विहीर दोन्ही घरांची सामाईक. पाण्याच्या पाळीवरून आमच्या आजोबांचं आणि नानांच्या वडिलांचं भांडण झालं आणि दोघांनी मिळून ती दगडमातीनं बुजवली. भांडणाऱ्यांनी एकत्र येऊन केलेलं ते शेवटचं काम. हे माझ्या जन्माआधीचं. त्या काळी घरात बसून लांबून कुणाची मोट चाललीय ते चाकाच्या आवाजावरून ओळखायचे. मला ती ओळख असायचं कारणच नव्हतं, तरी मी तो आवाज ऐकला होता. आप्पांनी पहिल्या दिवशीच ओळखला होता, पण नानांच्या होकाराशिवाय त्या विहिरीचं नाव काढून उपयोग नव्हता.

“पाणी पडतंय की, आप्पा,” नाना म्हणाले.

“मला काय सांगतो? म्या रोज ऐकतोय.”

“मग उपसू या?”

आप्पा आईला घेऊन त्याच संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं निघाले. माझं आमिष असं वाया गेलं.

विहीर उपसताना नानांना उद्घाटन, मंडप आणि पाटी हवी होती. आप्पांना ऐकू आलं नाही. या बाबतीत त्यांचा बहिरेपणा फार कामाला आला. गाळ निघाला, दगड निघाले आणि एका सकाळी तळाच्या कपारीतून पाणी पाझरायला लागलं. फार नव्हतं. दोन घरांना आणि जनावरांना पुरेल एवढं होतं. मामाकडून बैल परत आले.

इंजिन बसवायच्या आधी एकदा मोट चालवायचीच, असा आप्पांचा हट्ट. सुतारानं नवं चाक केलं, नवा कणा घातला. मी धावेच्या कडेला उभा होतो. बैल उतरले, चाक फिरलं. लांब कुरकुर... आणि ‘टक’.

मोट थांबवून मी कण्यावरून हात फिरवला. कुठं चीर नाही, खाच नाही. नानांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा थारोळ्याच्या दगडावर तळवा टेकून बसले होते आणि त्यांची बोटं ठेका धरत होती.

गावचं घर पुन्हा बंद करायची वेळ आली नाही. स्पीकरमधला आवाज विहीर उपसायला लागल्या दिवसापासून बंद झाला. ती खोकी अजून माझ्याकडं आहेत. मी बरीच पुस्तकं चाळली, दोन-तीन जाणत्या माणसांना विचारलं. उत्तर मिळालं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही. गाण्याचे शौकीन घरी येतात, खोक्यांवर हात फिरवतात आणि विचारतात, यांची सेन्सिटिव्हिटी किती?

मी म्हणतो, मोजायचं राहून गेलं.