बावीस कॅरेटची शुगर

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि पाच दिवस काकडीवर जगलो.

डॉक्टरनं सांगितलं म्हणून नव्हे. डॉक्टरचं मी ऐकत नाही, कारण मी त्याच्याकडे जातच नाही. नातीनं डिवचलं म्हणून जगलो. सायली, माझ्या मुलाची मुलगी, वय सोळा. मुलगा बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी बँकेनं त्याची बदली पुण्याला केली आणि पोरीला इथल्या शाळेतून उचलून तिकडच्या शाळेत घातली. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी कोलकात्यातच राहिलो. (सगळ्यांनी विनवलं, पुण्याला चला. मी गेलो नाही. ज्या गावात अठ्ठावन्न वर्षं काढली ते सोडायला मी काय बदलीचा नोकर आहे?) त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. दोन्ही वेळा आमच्या घरात करंज्या होत्या आणि खायला मी एकटा.

तर त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सायली आठ दिवसांसाठी आली. बॅग ठेवली, आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मी उद्यापासून पाच दिवस डायटवर आहे. साखर नाही, भात नाही, मैदा नाही, तळलेलं नाही."

आजीनं नुकत्याच भरलेल्या लाडवांच्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू हे खूळ मीच पुण्याला पाठवलं होतं.

"आणि दिवाळी पुण्यात," सायली म्हणाली. "तिकीट काढलंय."

दुसरं वाक्य मला जास्त लागलं, पण मी बोललो पहिल्यावर. माझी पद्धतच तशी आहे.

"पाच दिवस? आणि याला डायट म्हणतात? आम्ही भट्टीसमोर उभं राहून एका भाकरीवर दिवस काढलेत."

"भाकरी एकच होती म्हणून, आबा. पाच असत्या तर पाच खाल्ल्या असत्या."

हे खरं होतं, म्हणून झोंबलं.

"मी पण करतो. दाखवतो तुला."

"तुम्ही? जेवणावर गुळाचा खडा लागतो तुम्हाला. उद्या दुपारीच मोडाल."

"उद्या दुपारपर्यंत कशाला जातेस," आतून आजी म्हणाली, "चहा ठेवलाय, बघ आत्ताच."

पैज लागली. जो आधी मोडेल तो हरला. मी हरलो तर आजीनं आणून कोपऱ्यात उभी केलेली काठी त्याच दिवसापासून हातात धरायची. (दीड वर्ष ती काठी उभी होती आणि मीही, तिच्याशिवाय.) सायली हरली तर तिकीट रद्द आणि दिवाळी इथं. पोरगी इथं थांबली की तिचा बाप तरी कुठं जातोय? झक मारत येईल.

आता माझा कावा सांगतो. दुर्गापूजा होऊन दहाच दिवस झाले होते. दसऱ्यापासून कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत, बंगाल्यांची बिजोया चालते. एकमेकांच्या घरी जायचं, लहानांनी थोरांच्या पाया पडायचं आणि आलेल्याच्या पुढ्यात गोडाचं ताट ठेवायचं. ते नको म्हणणं म्हणजे तुमचं-आमचं भांडण आहे असं सांगण्यासारखं. सायली दोन वर्षं पुण्यात राहून हे विसरली असणार, असा माझा हिशेब.

मी अगदी प्रेमानं म्हणालो, "सायले, आलीच आहेस तर शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना भेटून ये की."

"भेटणारच आहे. पण तुम्ही माझ्याबरोबर यायचं. घरी ठेवलं तर माझ्यामागे गूळ खाल."

"मला पण तुझ्यावर नजर ठेवायचीच आहे."

असे आम्ही दोघं एकमेकांचे पहारेकरी होऊन निघालो.

पहिल्या दिवशी बालीगंजला, मितालीच्या घरी. दोघी पोरी गळ्यात पडल्या. तेवढ्यात मितालीची आई ताट घेऊन आली: नारळाचे लाडू, शंकरपाळ्यासारखी खारी निमकी, छेन्याचे चार तऱ्हेचे गोड संदेश. मी सोफ्यावर सरसावून बसलो. पडली पोरगी, म्हटलं.

"काकीमा, मी डायटवर आहे," सायली म्हणाली.

"मिताली पण डायटवरच आहे," आई कपाळाला हात लावून म्हणाली. "आजकालच्या मुलींना काय बोलायचं!" आणि ताट सरळ माझ्यापुढे. "दादू, आप लीजिए. आप तो बड़े हैं."

पोरींना नव्या जमान्यानं माफी दिलेली. म्हाताऱ्याला कोण देणार? समोर सायली हाताची घडी घालून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की बिजोया तिच्या चांगली लक्षात होती, आणि म्हणूनच तिनं मला बरोबर आणलं होतं.

आता मी काय सांगू? एकाहत्तर वर्षांचा मिशीवाला माणूस, लोकांच्या बैठकीत बसून म्हणू की मी डायटवर आहे? त्यापेक्षा आजारी बरा.

"नहीं बेटी," मी म्हणालो. "शुगर है हमको."

झालं. आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि मितालीची आजी, जिला घरात सगळे ठाकुमा म्हणत होते, अशी बाहेर आली जशी तिला माहेरचा माणूस भेटला. बावीस वर्षांची जुनी शुगर तिची. माझ्या शेजारी टेकली आणि विचारलं, "कितना है आपका?"

इथं थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी सोनं गाळणारा. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं या धंद्यापायी देशभर गेली, तसा मी तेराव्या वर्षी, चौथीनंतर शाळेला रामराम ठोकून, कोलकात्यात बौबाजारला आलो. उभा जन्म मूस आणि भट्टी. लोक दागिना घेऊन यायचे, मी गाळायचो, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायचो, आणि ते विचारायचे, कितना है? आयुष्यात मला एवढाच प्रश्न लोकांनी विचारलाय आणि त्याचं चांगल्या मालाचं उत्तर एकच असतं.

"नौ सौ सोलह," मी म्हणालो.

बावीस कॅरेटचा आकडा, हजारात नऊशे सोळा भाग सोनं. तोंडातून गेला तो गेला.

ठाकुमांनी माझा हात धरला. नाडी बघितली की काय, कोण जाणे. मितालीच्या आईनं ताट असं झटकन मागे ओढलं की एक संदेश गालिच्यावर पडला.

"दादा," ठाकुमा हळूच म्हणाल्या, "मेरी मशीन तो छह सौ के ऊपर नंबर ही नहीं दिखाती."

इथं मला कबूल करता आलं असतं. शहाण्या माणसानं केलं असतं.

"हमारी मशीन बड़ी है," मी म्हणालो.

सायलीनं उशीत तोंड खुपसलं. त्या घरच्यांना वाटलं पोर रडतेय. मग काय, मितालीची आई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि ठाकुमांनी माझ्यासाठी रात्रभर भिजवलेल्या चिरेत्याचं, म्हणजे आपल्या काडेचिराइताचं, पाणी आणलं. पेलाभर. कडू म्हणजे कारलं त्यापुढे बासुंदी. ते डायटमध्ये बसत होतं, त्यामुळे नको म्हणायला कारणही उरलं नव्हतं. मी एका दमात संपवलं. ठाकुमांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं, मी आणखी अर्धा पेला घेतला.

घरी येताना टॅक्सीत सायली म्हणाली, "आबा, नऊशे सोळाला माणूस दवाखान्यात असतो. आडवा."

"आपल्या घराण्याची हाडं वेगळी आहेत."

"आता सगळ्यांच्या आयांचा फोनवर ग्रुप आहे हं. मी फक्त सांगून ठेवतेय."

तिसऱ्या दिवशी भवानीपूरला सोहिनीकडे गेलो तेव्हा ग्रुप म्हणजे काय ते कळलं. जुनं घर, चार मजले, लिफ्ट नाही. जिन्यापाशी दोन माणसं एक खुर्ची घेऊन उभी होती.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"आपके लिए, दादू. बैठ जाइए, ऊपर ले जाएँगे."

मला उचलून नेणार! मी त्यांच्याकडे बघितलं, धोतराचा सोगा वर खोचला आणि चार मजले न थांबता चढलो. वर पोचलो तेव्हा बोलता येत नव्हतं. सोहिनीचे आईवडील दारात उभे, चेहरे पडलेले. आकडा खरा असल्याची त्यांना आता पुरती खात्री पटली होती. पंखा लावला, पाय स्टुलावर ठेवले आणि माझ्यासाठी खास केलेलं जेवण आणलं: कडुनिंबाची पानं घालून परतलेलं वांगं आणि कारल्याचा रस. शेजारी सोहिनी आणि सायली काकड्या खात गप्पा मारत होत्या, शाळेतल्या कुठल्या बाईंची नक्कल करून हसत होत्या. सायली इतकी मोकळी हसताना मी दोन वर्षांनी बघत होतो. कारल्याचा रस मी ते हसणं तोंडी लावून प्यायलो.

"आबा, सोडायची का पैज?" जिना उतरताना तिनं विचारलं. "बरोबरीत सोडवू. तुम्हाला काठी नाही, मी माझ्या तिकिटानं जाते."

"बरोबरी हरलेल्यांची असते."

"तुमचे पाय लटपटतायत."

"जिना लटपटतोय. जुनं बांधकाम आहे."

पाचव्या दिवशी, शेवटच्या, सॉल्टलेकला अनिर्बानच्या घरी. हा तिचा पहिलीपासूनचा बाकावरचा सोबती. त्याचे वडील डॉक्टर. आम्ही पोचलो तर टेबलावर एका बाजूला बिजोयाचं ताट आणि दुसऱ्या बाजूला एक छोटं यंत्र.

"दादू," डॉक्टर हसत म्हणाले, "नौ सौ सोलह का सुना, तो सोचा एक बार मिलना चाहिए. उँगली दीजिए."

मला कळलं की चोरी पकडली जाणार. शुगर निघणार नव्वद की शंभर, आणि तीन घरांत, एका ग्रुपात आणि एका नातीसमोर माझं नाक कापलं जाणार. पण बोट मागे घेणं म्हणजे कबुली. मी बोट पुढे केलं. छाती पुढे काढून केलं.

यंत्रानं जरा विचार केला. डॉक्टरांचं हसू गेलं.

"नौ सौ सोलह तो नहीं है," ते म्हणाले. "दो सौ चौरासी है."

मी म्हणालो, "आपकी मशीन छोटी है."

त्यांनी दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. दोनशे एक्क्याऐंशी.

"पहले कभी चेक नहीं कराया?"

मी बोट धोतराला पुसलं. सायली माझ्याकडे बघत होती. "आबा," ती म्हणाली, "म्हणजे खरंच आहे?" तिच्या आवाजात मघाची चेष्टा कुठंच नव्हती.

"घबराने का नहीं," डॉक्टर म्हणाले. "पाँच दिन मीठा बंद रखा, अच्छा किया. अब वही चालू रखना है. गोली देंगे. कल सुबह खाली पेट लैब जाइए, पूरा टेस्ट."

तोवर सायलीचा हात ताटाकडे गेला होता. तिनं एक संदेश उचलला. हळूहळू नाही, चाखत नाही, सबंध तोंडात टाकला आणि गाल फुगवून चावायला लागली.

"तू तर डायटवर होतीस," अनिर्बान म्हणाला.

"होते." तिनं गिळलं. "आबा, मी मोडलं. तुम्ही जिंकलात."

संध्याकाळपर्यंतचे चार तास राहिले होते. जी पोर पाच दिवस लाडवाच्या डब्याशेजारी अभ्यास करत बसली, तिला चार तास धरवले नाहीत, असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेईन. पण मी काही विचारलं नाही. जिंकलेल्यानं प्रश्न विचारू नयेत.

"कसा होता?" एवढंच म्हणालो.

"गोड होता."

टॅक्सीत बसल्या बसल्या तिनं बापाला फोन लावला. "बाबा, तिकीट रद्द करा. मी पैज हरले. दिवाळीला तुम्ही दोघं इकडे या... हो, आबा ठीक आहेत. ठीक म्हणजे, आल्यावर सांगते." मग फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसली, आणि माझी बाही मात्र तिनं घरापर्यंत सोडली नाही.

मी दारातूनच आवाज दिला, "अगं ए, जिंकलो. पोरं दिवाळीला येतायत."

आजी बाहेर आली. "दोनशे चौऱ्याऐंशी ना? मितालीच्या आईचा फोन येऊन गेला." माझ्याकडे वरून खाली बघितलं. "जिंकलेत म्हणे." आणि लाडवांचा डबा उचलून माळ्यावर ठेवून आली. स्टुलावर चढून, स्वतः.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी उपाशीपोटी लॅबच्या दारात उभा होतो, सगळ्यांच्या आधी. सायली फॉर्म भरत होती, मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो म्हणून. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "दादू, आपका शुगर सबसे पहले किसने पकड़ा?"

सायलीनं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "हमने खुद. पाँच दिन पहले. बिना मशीन के."